काट मारलेले पर्याय

मूल जन्माला येते तिथपासून ते सज्ञान होईपर्यंतचा प्रवास खेळ म्हणून मांडण्याची कल्पना संगणकाच्या दुनियेत आता चाळिशीची झाली आहे. पीटर फवारो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये ‘ऑल्टर इगो’ हा खेळ रचला. त्यात चित्रे जवळजवळ नव्हतीच. एक प्रसंग वाचायचा, खाली दिलेल्या पर्यायांतला एक निवडायचा आणि त्याप्रमाणे आयुष्य कुठे वळते ते पाहायचे, एवढाच मामला. जपानमध्ये १९९१ साली आलेल्या ‘प्रिन्सेस मेकर’मध्ये खेळणारा बापाच्या भूमिकेत जातो, दहा वर्षांच्या मुलीचे वेळापत्रक आखतो आणि अठराव्या वर्षी ती कोण झाली हे त्याला कळते. चीनमध्ये २०१८ साली निघालेल्या ‘चायनीज पेरेंट्स’मध्ये अभ्यास आहे, आईबापांच्या अपेक्षा आहेत, मुलांच्या गुणांवरून बायकांमध्ये रंगणारी प्रतिष्ठेची जुगलबंदी आहे आणि सगळ्याच्या शेवटी विद्यापीठ प्रवेशाची देशव्यापी परीक्षा आहे. असा एखादा मजकुराचा खेळ मराठीत व्हावा, आणि त्यातले मूल सातारा-सांगलीच्या मुलखातले असावे, असे मला वाटते. मात्र परदेशी खेळांचे नियम जसेच्या तसे उचलून त्यांत फक्त गावांची नावे भरली, तर त्या खेळातून शहाणपणाऐवजी एक जुना गैरसमजच घरोघरी पोहोचेल. मूल कसे निघाले याचे श्रेय आणि दोष दोन्ही आईबापांचेच, हा तो गैरसमज.

खेळाचे नियम म्हणजे जगाबद्दलचे मतच असते. वेळापत्रक नीट आखले की मूल हवे तसे घडते, हे ‘प्रिन्सेस मेकर’चे मत. स्पर्धा कुणाला चुकत नाही, एका पिढीच्या कमाईवर पुढची पिढी थोडी वर सरकते, हे ‘चायनीज पेरेंट्स’चे मत. आणि पर्याय निवडायला लावणाऱ्या प्रत्येक खेळाच्या मांडणीतच एक मत दडलेले असते : निवड ज्याची, जबाबदारी त्याची. हे मत खेळणाऱ्याच्या मनात नकळत कसे उतरते, याचा एक पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या डरहॅम शहरात बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी २०११ मध्ये ‘स्पेंट’ नावाचा खेळ तयार झाला. हाताशी हजार डॉलर आहेत, त्यात महिना काढून दाखवा, असे त्यात खेळणाऱ्याला सांगितले जाते. गरिबीबद्दल समज वाढावी, हा उघड आणि चांगला हेतू. जीना रूसोस आणि जॉन डोव्हिडिओ या संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचा परिणाम तपासला. अपेक्षेप्रमाणे सहानुभूती वाढलेली दिसली नाहीच. काही खेळणाऱ्यांचा गरिबांबद्दलचा दृष्टिकोन उलट अधिक कठोर झाला. कारण सरळ होते. खेळताना प्रत्येक निर्णय आपल्या हातात असतो, म्हणून गरीब माणसाच्या हातातही तसाच असणार, असे वाटू लागते. चांगल्या हेतूने केलेला खेळ चुकीच्या मांडणीमुळे उलटा फिरला.

आपल्याकडे याच्या नेमका दुसऱ्या टोकाचा खेळ होता. परंपरा ज्या मोक्षपटाचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते, त्यात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप आहेत, पण खेळणाऱ्याला निवड कसलीच नाही. कवड्या पडतील तसे घर पुढे. एका खेळात सगळेच हातात, दुसऱ्यात काहीच नाही. आणि मूल वाढवणाऱ्या घराची खरी अवस्था या दोहोंच्या मधली. काही गोष्टी कवड्यांवर : कुठल्या तालुक्यात जन्म झाला, त्या वर्षी पाऊस किती, घरात कितवे अपत्य. काही गोष्टी निवडीवर : मारायचे की समजावायचे, शाळेतून काढायचे की उधारी करून शिकवायचे. आणि या दोन्हींपेक्षा मोठा एक तिसरा वाटा, जो ना दैवाचा ना आईबापांचा. तो असतो रस्त्याचा, एसटीच्या वेळेचा, शाळेतल्या रिकाम्या पदांचा, कायद्याचा आणि भावकीचा. आतापर्यंतच्या खेळांनी सगळ्यात कमी जागा दिली ती या तिसऱ्या वाट्याला.

सातारा-सांगलीत हा तिसरा वाटा पहिल्याच पानापासून समोर येतो, कारण इथे पहिला प्रश्न असतो तो बाप कुठे आहे हा. पाटण, जावळी, कोरेगावच्या गावांतले पुरुष पिढ्यान्पिढ्या मुंबईत आणि पुढे नवी मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून राबले. खानापूर, आटपाडी, तासगाव आणि माण-खटाव भागातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोन्याचांदीची आटणी करण्यासाठी, केरळ-तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत पांगली. अपशिंगे हे गाव तर ‘मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते, इतके तिथले तरुण फौजेत गेले. जत-आटपाडीच्या कोरडवाहू गावांतली कुटुंबे कोयता घेऊन हंगामापुरती फडावर जातात. परदेशी खेळातला पालक कायम घरी असतो आणि एकटाच निर्णय घेतो. इथे रोजचे निर्णय आई घेते, मोठे निर्णय बाप फोनवरून देतो आणि दोन्ही फिरवण्याचा अधिकार बहुधा आजोबांकडे किंवा थोरल्या काकांकडे असतो. गलाईवाल्याने मुलाला बरोबर न्यायचे, म्हणजे त्याची शाळा परक्या भाषेत. मागे ठेवायचे, म्हणजे त्याला आजीने वाढवायचे. ही दोन वेगळी बालपणे आहेत आणि त्यांतले चांगले कोणते हे कुठल्याही पालकत्वाच्या पुस्तकात लिहिलेले नाही. जतच्या पूर्व भागात तर घरची भाषाच कानडी असते, म्हणून अंगणवाडीपासूनच गणित बदलते. असा खेळ तिथे कानडीतही लागेल.

पर्याय तोच, पण तालुका बदलला की परिणाम बदलतो, हे दाखवणे मजकुराच्या खेळाला सहज जमते. कऱ्हाड, वाळवा, पलूसच्या बागायती पट्ट्यात एक वर्ष वाईट गेले तर शिकवणीची फी थकते. माणच्या किंवा जतच्या एखाद्या वाडीत तेवढ्यानेच शाळा सुटू शकते. जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जात असल्याची बातमी आली आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. या मुलींच्या आईबापांपुढे खेळाच्या भाषेत दोनच पर्याय होते : ‘होडीने पाठवा’ किंवा ‘घरी ठेवा’. पहिला निवडणारा निष्काळजी आणि दुसरा निवडणारा मागासलेला, असा शेरा मारणे बाहेरच्याला सोपे असते. तिसरा पर्याय, म्हणजे सुरक्षित रस्ता किंवा गावाजवळची शाळा, त्यांच्या यादीत नव्हता, आणि तो यादीत आणणे त्यांच्या हातातही नव्हते.

मग हा नसलेला पर्याय खेळात दाखवायचा कसा? त्याचे उत्तर २०१३ सालच्या ‘डिप्रेशन क्वेस्ट’ या इंग्रजी मजकूर-खेळाने दिले आहे. त्यात नैराश्याने ग्रासलेल्या माणसाचा दिवस वाचायला मिळतो. खाली शहाणा पर्याय लिहिलेला असतो, पण त्यावर काट मारलेली असते. तो वाचता येतो, निवडता येत नाही. ‘मित्राशी मोकळेपणाने बोल’ हे कळते, पण वळत नाही, आणि का वळत नाही हे खेळणाऱ्याला उपदेशाशिवाय समजते. आपल्या खेळाने ही युक्ती घ्यावी आणि तिच्यात एका गोष्टीची भर घालावी. प्रत्येक काटेशेजारी ती कुणी मारली आणि ती कोण पुसू शकेल, हे लिहावे. ‘अकरावी विज्ञानला तालुक्याच्या गावी पाठवा’ यावर काट असेल, तर तिच्याशेजारी एसटी आगाराचे नाव असावे. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो हे खरे, पण संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर गावाला जाणारी गाडीच नसेल तर तो पास पाकिटातच राहणार. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्य सरकारने २०२४ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले, हेही खरे. पण सांगलीत किंवा पुण्यात राहायची खोली आणि मेसचा खर्च त्यात नाही, हेही त्याच काटेशेजारी यायला हवे.

खेळाची सर्वांत अवघड पाने चौदा ते अठरा या वयाची असतील. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना सांभाळतो. विवाहाचा कायदा मुलीला अठराव्या वर्षी मोकळी करतो. मधल्या चार वर्षांत मुलीच्या शिक्षणावर फारसे कायदेशीर छत्र उरत नाही आणि घरावरचा दबाव मात्र वाढत जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. सरकारलाही हा धोका ठाऊक आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीसाठीची ‘लेक लाडकी’ योजना टप्प्याटप्प्याने पैसे देते : जन्माला ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार. म्हणजे मुलगी वाढवण्याचा पाच टप्प्यांचा एक खेळ राज्याने आधीच मांडून ठेवला आहे. त्यात सहावी ते अकरावी या पाच वर्षांत एकही टप्पा नाही, आणि शाळा सुटण्याचा धोका नेमका त्याच वर्षांत दाटून येतो. असे दोष शासननिर्णय वाचताना डोळ्यांत भरत नाहीत. खेळताना ते लगेच बोचतील.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. सगळा भार परिस्थितीवर टाकला की आईबाप सुटले. मग मुलीला नको म्हणणारे घरही परिस्थितीचाच बळी ठरेल. हा आक्षेप या दोन जिल्ह्यांत झटकून टाकता येत नाही. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ मुली होत्या. पाणी, साखर कारखाने, कॉलेजे यांत पुढे असलेला हा पट्टा इथे राज्याच्या ९१३ या सरासरीच्याही मागे पडला. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले, ते काही अडाण्यांच्या अंधारातले प्रकरण नव्हते. त्यात दवाखाना होता, पैसे मोजणारी कुटुंबे होती. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने ‘नकुशी’, ‘नकोशी’ अशा नावांच्या २८५ मुलींना नवी नावे दिली. मुलीला असे नाव ठेवले की पुढचा मुलगा होतो, या समजुतीपायी ती नावे पडली होती. गरिबी, दुष्काळ, एसटी यांतल्या कशानेही हे नाव ठेवायला लावले नव्हते. म्हणून खेळात या पानांवर काट मारलेली नसावी. तिथे पर्याय मोकळा असावा आणि निवडणाऱ्याला त्याचा परिणाम वर्षानुवर्षे वाचावा लागावा : शाळेची हजेरी, शिधापत्रिका, मैत्रिणींची हाक, आणि नाव बदलल्यावरही दाखल्यांवर रेंगाळणारे जुने नाव. खरी मोकळीक कुठे होती हे स्पष्ट दिसले, तरच दोषही नेमका लागतो. सगळ्यालाच पालक जबाबदार म्हणणाऱ्या समाजात पालक जिथे खरोखर अपराधी आहे ती जागा गर्दीत हरवून जाते.

याच कारणासाठी खेळाच्या पहिल्या पानावर मुलगा की मुलगी हा प्रश्नच नसावा. ‘ऑल्टर इगो’ पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगवेगळा विकला गेला. ‘चायनीज पेरेंट्स’ आला तेव्हा त्यात फक्त मुलगा वाढवता येत होता, मुलीची सोय नंतर झाली. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा १९८८ मध्येच केला, देशाने १९९४ मध्ये. ज्या निवडीला इथे कायद्याने बंदी आहे, ती खेळाच्या पडद्यावर सहज बोट लावून करता यावी, हे विसंगत होईल. तेवढी कवडी मोक्षपटासारखी आपोआप पडू द्यावी.

दुसरा आक्षेप जिद्दीच्या बाजूने येतो. परिस्थितीवर मात करणारी माणसे याच मातीत झाली, मग काट मारलेले पर्याय दाखवून मुलांना नाउमेद का करायचे? वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची शाळा दीड दिवसांत संपली, तरी मराठी साहित्याला त्यांना टाळून पुढे जाता आले नाही. मोहीची ललिता बाबर माणच्या माळावरून २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीपर्यंत धावली. ही उदाहरणे खरी आहेत आणि खेळात त्यांच्यासारख्या शेवटाला जागाही हवी. पण जे पोहोचले त्यांचीच गोष्ट वर्तमानपत्रात येते. त्याच वाडीतून त्याच जिद्दीने निघून वाटेत थांबलेल्यांची येत नाही. शिवाय पोहोचलेल्यांची गोष्ट नीट वाचली तर तिथेही काट दुसऱ्याच कुणीतरी पुसलेली दिसते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना कुस्ती वडिलांनी शिकवली, पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. तेव्हा कुठे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव घालणे रामजी सुभेदारांच्या हातात होते. वर्गात मुलाला इतरांच्या शेजारी बसू देणे नव्हते. पुढे परदेशाची वाट उघडली ती सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीने.

काट पुसण्याचे हेच काम एकेकट्या मुलापुरते न ठेवता संस्थेच्या रूपाने करणारा माणूसही याच सातारा जिल्ह्याने पाहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणून वसतिगृह सुरू केले. तिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसली. पैसे नाहीत म्हणून शाळा नाही, या काटेवर ‘कमवा आणि शिका’ हे त्यांचे उत्तर होते. ते वसतिगृह चालावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. कर्मवीरांनी खेड्यातल्या बापाला मुलाच्या शिक्षणाचे महत्त्व पटवून देणारी व्याख्याने तर दिलीच, पण तेवढ्यावर ते थांबले असते तर आज रयतेचे नाव कुणी घेतले नसते. बापाला नुसता उपदेश करण्यापेक्षा त्याच्यापुढचे पर्याय वाढवावेत, हा त्यांचा विचार होता. प्रस्तावित खेळाचा विचारही तोच असावा.

तिसरा आक्षेप मोबाइलचा. पोरे आधीच पडद्याला चिकटलेली असताना आणखी एक खेळ कशाला? पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांनी घरे बुडाली, म्हणूनच संसदेला ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. पण त्याच कायद्याने पैशांचे खेळ आणि करमणुकीचे-शिक्षणाचे खेळ यांत फरक केला आहे. शिवाय मजकुराच्या खेळाला ना पैसे लागतात, ना प्रत्येकाच्या हातात फोन. ‘ट्वाइन’ सारखे मोफत साधन त्यासाठी २००९ पासून आहे आणि त्यात देवनागरी मजकूर चालतो. पालकसभेत एकाच पडद्यावर तो सगळ्यांनी मिळून वाचता येईल, किंवा ‘हा पर्याय निवडला तर पान चौदावर जा’ अशा छापील पुस्तिकेतही मावेल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिथे हात वर करून पर्याय ठरवताना जो वाद होईल, तोच या खेळाचा खरा उपयोग. लेखन मात्र मुंबईच्या एखाद्या जाहिरात कंपनीकडे सोपवू नये. अंगणवाडी ताई, निवृत्त शिक्षक, गलाईवाल्याच्या घरातली बाई, वसतिगृहाचा अधीक्षक यांच्याकडून प्रसंग घ्यावेत, नाहीतर दर तीन पानांमागे सरकारी घोषवाक्य ऐकू येईल.

आणि शेवटी गुण देऊ नयेत. माणसाच्या पोराचे मोजमाप करणारे आकडे आपल्याकडे पुरेसे आहेत : दहावीचे टक्के, नीटचा क्रमांक, भरतीच्या यादीतले नाव, लग्नाच्या बैठकीत विचारले जाणारे पॅकेज. मूल अठरा वर्षांचे झाले की खेळाने दोन याद्या हातात द्याव्यात. एक, तुम्ही मोकळेपणाने निवडलेल्या पर्यायांची. तिचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा. दुसरी, काट मारलेल्या पर्यायांची, प्रत्येकापुढे ती पुसू शकणाऱ्या कार्यालयाच्या नावासह. ही दुसरी यादी ग्रामसभेत वाचली जावी, ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आणि जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात तिला जागा मागितली जावी. मूल वाढवणे ही ज्याच्या त्याच्या घरची बाब, असे म्हणून हात झटकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना असा खेळ गैरसोयीचा वाटेल. तो त्यांना गैरसोयीचा वाटला नाही, तर मात्र खेळ लिहिणाऱ्यांनी तो पुन्हा लिहायला घ्यावा.